एका पेजचं सीएसएस दुसऱ्या पेजवर का सांडतं?

रेल्स या वेब-फ्रेमवर्कमध्ये काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही तक्रार कधी ना कधी येते. एका पेजसाठी लिहिलेलं सीएसएस (पेजचं रूप ठरवणारे नियम) भलत्याच पेजवर उमटतं. ते आवरायला गेलं की तिसरं पेज बिघडतं. शेवटी कुणीतरी वैतागून 'इम्पॉर्टंट' (बाकी नियमांना दाबणारी खूण) ठोकतो, दोन आठवडे शांतता, आणि नवीन पेज जोडलं की पुन्हा तेच. नागपुरात आमच्यासारख्या छोट्या टीममध्ये हे काम बहुतेक वेळा नव्याने आलेल्या पोराच्या गळ्यात पडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कोडमधली नावं इथे नागरीत आहेत, फाइलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाइप करायची.

उदाहरण एकच धरू. कळमन्याच्या संत्रा बाजारातल्या एका अडत्याच्या गाळ्यासाठी बनवलेलं ॲप्लिकेशन. त्यात मुख्य पेजेस चार: गाड्यांची आवक, लिलाव, शेतकऱ्याला द्यायची पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) आणि खाती. फाइली त्याच हिशेबाने: अरायव्हल्स, ऑक्शन्स, लेजर्स, पट्टीज. ऑक्टोबरात आंबिया बहाराची आवक सुरू झाली की गाळ्यावर श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि फोन नेमका तेव्हाच येतो: "भाऊ, ते लिलावाचं पान सारं चिपकून गेलं. आकडेच वाचता नाही येऊन राहिले."

कोडला हात लावायच्या आधी त्यांना, किंवा स्वतःला, एवढं विचारून घ्या. पेज रिफ्रेश केल्यावर नीट दिसतं का? बिघाड सर्व्हरवरच आहे की तुमच्या लॅपटॉपवरही? आणि पेज नुसतं उघडल्यावर बिघडतं, की फॉर्ममध्ये काही चुकून तो परत आल्यावर? या तीन उत्तरांवर पुढची वाट ठरते, कारण 'सीएसएस सांडलं' या एकाच तक्रारीमागे निदान चार वेगळे आजार असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

नेहमीच बिघडलेलं, रिफ्रेशने फरक नाही

सगळ्यात जास्त हेच सापडतं. लिलावाच्या तक्त्यातल्या एखाद्या रकान्यावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा. उजवीकडे स्टाइल्सच्या पट्ट्यात वरून खाली नियम दिसतील. आमच्याकडे वरती होतं 'टेबल टीडी' (म्हणजे तक्त्यातला प्रत्येक रकाना; नियम कशाला लागतो ते सांगणाऱ्या या भागाला सिलेक्टर म्हणतात), पॅडिंग २ पिक्सेल, अक्षरं ११ पिक्सेल, आणि त्या ओळीच्या उजव्या टोकाला बारीक अक्षरात फाइलचं नाव: पट्टीज. त्याच्या खाली तोच सिलेक्टर 'टेबल टीडी', पॅडिंग १० पिक्सेल, फाइल ऑक्शन्स, आणि त्यावर आडवी रेघ मारलेली. म्हणजे लिलावाच्या पेजवर लिलावाचा नियम हरला आणि पट्टीचा जिंकला. पट्टी छोट्या कागदावर छापायची असते म्हणून तिथले रकाने दाट केले होते, तेच लिलावावर आले.

का आले? कारण फाइलचं नाव ऑक्शन्स आहे म्हणून ती लिलावाच्याच पेजवर लागेल, असं कुठेही ठरलेलं नाही. रेल्सच्या ३.१ आवृत्तीत, २०११ साली, ॲसेट पाइपलाइन (सीएसएससारख्या फाइली गोळा करून ब्राउझरला देणारी व्यवस्था) आली. कंट्रोलर जनरेट केला की त्याच नावाची स्टाइलशीटही तयार व्हायला लागली आणि तिथूनच हा गैरसमज पसरला. प्रत्यक्षात ॲप्लिकेशनच्या मुख्य सीएसएस फाइलच्या डोक्यावर, कॉमेंटमध्ये, 'रिक्वायर ट्री' अशी ओळ असते. ती फोल्डरमधल्या सगळ्या फाइली गोळा करून एकच मोठी फाइल बनवते, आणि ती एकच फाइल प्रत्येक पेजवर लागते. वेगळ्या फाइली फक्त तुमच्या-आमच्या सोयीसाठी. ब्राउझरला त्या कुणाच्या होत्या याचा पत्ताच नसतो.

रेल्स ८ मध्ये फाइली जोडणाऱ्या स्प्रॉकेट्सच्या जागी प्रॉपशाफ्ट आलं तरी चित्र बदललेलं नाही. तिथे फाइली एकत्र होत नाहीत, सुट्या सुट्या लिंक होतात. पण नव्या ॲप्लिकेशनच्या लेआउटमध्ये स्टाइलशीट लिंक टॅगला 'ॲप' असं सांगितलेलं असतं, म्हणजे ॲप्लिकेशनच्या स्टाइलशीट फोल्डरमधल्या सगळ्या फाइली सगळ्या पेजेसवर. नेटवर्क टॅबमध्ये वेगवेगळी नावं दिसतात म्हणून पोरं आणखीच फसतात.

आता क्रम. दोन सिलेक्टरचं वजन (स्पेसिफिसिटी, म्हणजे कोणता सिलेक्टर भारी याचा हिशेब) सारखं असेल तर जो नंतर येतो तो जिंकतो. 'रिक्वायर ट्री' कोणत्या क्रमाने फाइली घेईल याची रेल्स हमी देत नाही, पण सहसा तो अक्षरक्रम असतो. इंग्रजी अक्षरक्रमात पट्टीज सगळ्यात शेवटी, म्हणून तिचे नियम सगळ्यांवर भारी. याची गंमत पाहायची तर फाइलचं नुसतं नाव बदला. पट्टीजचं 'हिशेबपट्टी' केलं की ती एचवर जाते, लेजर्सच्या आधी. एक अक्षर सीएसएस न बदलता खात्यांचं पेज सुधारतं, आणि पट्टीचे रकाने खात्यांच्या नियमाने फुगून छपाई कागदाबाहेर जाते. लिलावाला मात्र स्वतःचे नियम अजूनही मिळत नाहीत, फक्त आता पट्टीच्या जागी खात्यांचे लागतात, कारण ऑक्शन्स अजूनही दोघांच्या आधीच आहे. कमिटमध्ये फक्त 'फाइलचं नाव बदललं' असं लिहिलेलं असतं, त्यामुळे हा बिघाड कुठून आला हे शोधायला दिवस जातो.

कुंपण कुठे घालायचं

लोक पहिला उपाय करतात तो 'रिक्वायर ट्री' काढून प्रत्येक पेजला स्वतंत्र फाइल लावण्याचा. त्याबद्दल पुढे बोलतो, पण तो माझा पहिला सल्ला नाही. चार-पाच डझन पेजेसच्या ॲप्लिकेशनला एकच फाइल पुरते. ब्राउझर ती एकदा घेतो, फिंगरप्रिंट (फाइलच्या नावातली, मजकूर बदलला की बदलणारी खूण) बदलेपर्यंत कॅशमधून वापरतो. गाळ्यावर मोबाइलचं नेट कसं चालतं ते ज्याने पाहिलंय त्याला प्रत्येक नव्या पेजला नवी सीएसएस फाइल मागवणं नको वाटेल. ब्राउझर हेडमधली स्टाइलशीट येईपर्यंत पेज रंगवत नाही, हेही लक्षात असू द्या.

तेव्हा फाइल एकच ठेवा आणि कुंपण सिलेक्टरमध्ये घाला. लेआउटमध्ये बॉडी टॅगला क्लास द्यायचा: कंट्रोलरचं नाव आणि ॲक्शनचं नाव. रेल्समध्ये दोन्ही हेल्परने मिळतात. मग पट्टीज फाइलमधला प्रत्येक नियम 'पट्टीज' क्लासच्या आत लिहायचा. ॲडमिनसारखं नेमस्पेस असेल तर कंट्रोलर नेमऐवजी कंट्रोलर पाथ घ्या आणि त्यातल्या तिरक्या रेघेच्या जागी डॅश टाका, नाहीतर ॲडमिनमधल्या पट्टीज आणि बाहेरच्या पट्टीज यांना एकच क्लास लागतो आणि सांडलवंड नव्याने सुरू. (क्लासचं नाव देवनागरीत दिलं तरी सीएसएसला चालतं बरं का. मी प्रोजेक्टमध्ये करत नाही, पण चालतं.)

या पद्धतीत तीन खड्डे आहेत आणि तिन्ही लोकांना महिनोन् महिने छळतात.

पहिला खड्डा फॉर्मचा. नव्या पट्टीचा फॉर्म 'न्यू' ॲक्शनवर उघडतो, बॉडीला 'न्यू' क्लास लागतो, सगळं छान. वजन भरायचं राहून गेलं, सबमिट केलं, व्हॅलिडेशन फेल. आता 'क्रिएट' ॲक्शनने 'न्यू'चंच टेम्प्लेट दाखवलं, पण ॲक्शनचं नाव 'क्रिएट' आहे. बॉडीला 'क्रिएट' क्लास, तुमचे नियम 'न्यू'वर. फॉर्म उघडाबोडका. तक्रार अशी येते: "कधी कधी फॉर्म बिघडतो." डेव्हलपर नेहमी बरोबर माहिती भरून बघतो, त्यामुळे त्याला कधीच दिसत नाही. उपाय सोपा: हेल्परमध्ये 'क्रिएट'ला 'न्यू' आणि 'अपडेट'ला 'एडिट' समजा. किंवा त्याहून बरं, ॲक्शनच्या नावावर अवलंबूनच राहू नका. टेम्प्लेटमध्येच 'कंटेंट फॉर' वापरून पेजचं नाव सांगा आणि लेआउटने ते बॉडीवर लावावं. जे टेम्प्लेट रंगवलं जातंय तेच स्वतःची ओळख सांगतं, मग ॲक्शन कोणतीही असो.

दुसरा खड्डा टर्बो फ्रेमचा. टर्बो म्हणजे पूर्ण पेज लोड न करता मजकूर बदलणारी रेल्ससोबतची लायब्ररी. टर्बो ड्राइव्हने पेज बदललं तर बॉडी पूर्ण बदलते, क्लासही बदलतो. पण फ्रेममध्ये फक्त फ्रेमचा आतला भाग बदलतो. लिलावाच्या पेजवर बाजूच्या फ्रेममध्ये पट्टी उघडली, तर बॉडी अजून 'ऑक्शन्स'च म्हणते आणि पट्टीला तिचे नियम लागत नाहीत. म्हणून फ्रेममध्ये जाऊ शकणाऱ्या भागाचा क्लास बॉडीवर न ठेवता त्या भागाच्याच बाहेरच्या डिव्हवर ठेवा. मी तर आता नव्या प्रोजेक्टमध्ये सगळीकडेच असं करतो आणि बॉडीचा क्लास फक्त खऱ्या लेआउटच्या गोष्टींसाठी राखतो. एक अपवाद सांभाळा: काही मोडल लायब्रऱ्या आपली खिडकी थेट बॉडीच्या शेवटी चिकटवतात. ती तुमच्या डिव्हच्या बाहेर पडते, तिला स्वतःचा क्लास द्यावा लागतो.

तिसरा खड्डा वजनाचा, आणि हा हळूहळू भरत जातो. साधा 'बटण' क्लास म्हणजे ०-१-० (क्रमाने आयडी, क्लास आणि टॅग यांची संख्या). 'बॉडी'वर 'पट्टीज' क्लास आणि त्याच्या आत 'बटण' म्हणजे ०-२-१. आता कुणी सगळ्या ॲप्लिकेशनसाठी लाल 'धोका-बटण' बनवलं, वजन ०-१-०. ते सगळीकडे लाल, पट्टीच्या पेजवर मात्र हिरवं. नवा माणूस काय करतो? त्याच्या सिलेक्टरला अजून दोन क्लास जोडतो. पुढचा आयडी वापरतो. त्याच्या पुढचा 'इम्पॉर्टंट'. स्टाइल्सच्या पट्ट्यात रेघ मारलेल्या ओळींची रांग दिसायला लागली की समजावं, कुंपणाची उंची वाढवायची शर्यत सुरू आहे.

यावर दोन साधनं आहेत. एक, कुंपणाचा भाग 'व्हेअर'मध्ये लिहा. 'व्हेअर'च्या कंसातल्या सिलेक्टरचं वजन शून्य धरलं जातं, त्यामुळे 'पट्टीजच्या आतलं बटण' हे साध्या बटणाइतकंच जड राहतं. दुसरं, आणि माझ्या मते जास्त टिकाऊ, म्हणजे लेअर. मुख्य फाइलच्या अगदी वरती एकाच ओळीत थरांचा क्रम जाहीर करायचा: रिसेट, बेस, कंपोनंट, पेज, युटिलिटी. मग प्रत्येक फाइल आपापल्या थरात. नंतरचा थर आधीच्या थरावर जिंकतो, सिलेक्टर कितीही हलका असला तरी. अक्षरक्रमाची कटकट वेगवेगळ्या थरांपुरती मिटते. एकाच थरातल्या दोन पेजेसमध्ये मात्र ती राहतेच, म्हणून लेअर लावले तरी पेजचा क्लास काढायचा नाही.

लेअर वापरताना दोन गोष्टींनी माणूस चकतो. कोणत्याच थरात नसलेला नियम सगळ्या थरांवर भारी पडतो. तारीख निवडायच्या कॅलेंडरचं बाहेरून आणलेलं सीएसएस तसंच सोडलं तर ते तुमच्या पेज थरालाही हरवतं. त्याला इम्पोर्ट करतानाच 'व्हेंडर' नावाचा थर द्या आणि तो क्रमात सुरुवातीला ठेवा. दुसरी, 'इम्पॉर्टंट' लावलेल्या नियमांत थरांचा क्रम उलटा होतो: आधीचा थर जिंकतो. जुन्या प्रोजेक्टमध्ये लेअर घालून सगळं उलटंपालटं दिसायला लागलं तर आधी जुने 'इम्पॉर्टंट' शोधा.

'स्कोप' नावाचा नियम यापेक्षाही नेमका आहे, कुंपण घालायचं काम तो थेट करतो. पण क्रोममध्ये तो ११८व्या आवृत्तीत, २०२३ साली आला. गाळ्यावरचा संगणक अजून विंडोज ७ वर असेल, आणि कळमन्यात, इतवारीत असे पुष्कळ सापडतात, तर तिथे क्रोम १०९ च्या पुढे जातच नाही. लेअर क्रोम ९९ पासून आहे आणि मार्च २०२२ पर्यंत सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आला, 'व्हेअर' त्याच्याही आधीचं. म्हणून या ग्राहकांसाठी लेअर चालतो, स्कोप नाही. सीएसएसमधलं नेस्टिंगही (नियमाच्या आत नियम लिहिणं) क्रोम ११२ पासूनचं, तेव्हा नेस्टिंग हवं असेल तर सासमधूनच (साधं सीएसएस तयार करून देणाऱ्या भाषेतून) करून घ्या, ब्राउझरवर सोडू नका.

रिफ्रेश केलं की ठीक होतं

हा वेगळाच आजार. इथे बहुधा कुणीतरी पेजनिहाय स्वतंत्र फाइल लावलेली असते: लेआउटच्या हेडमध्ये 'यील्ड', आणि पट्टीच्या टेम्प्लेटमधून 'कंटेंट फॉर हेड' करून पट्टीज फाइलची लिंक. लॅरॅव्हलमध्ये 'स्टॅक' आणि 'पुश', जँगोमध्ये 'ब्लॉक', कल्पना सगळीकडे तीच. पेज थेट उघडलं तर बरोबर चालतं. पण टर्बो असेल तर लिंकवर क्लिक केल्यावर पूर्ण पेज लोड होत नाही. टर्बो बॉडी बदलतो आणि हेड एकमेकांत मिसळतो. नव्या पेजची नवी स्टाइलशीट जोडली जाते, पण जुनी काढली जात नाही. पट्टी पाहून लिलावावर आलात तर पट्टीची फाइल हेडमध्ये बसूनच आहे. लिलावावर थेट आलात तर ती नाही. म्हणून एकच पेज सकाळी चांगलं, दुपारी वाईट, आणि रिफ्रेश केलं की पुन्हा चांगलं.

खात्री करायची तर एलिमेंट्स टॅबमध्ये हेड उघडा आणि चार पेजेसवर फिरा. लिंकची संख्या वाढत जाताना दिसेल.

टर्बोच्या ८व्या आवृत्तीत यावर नेमका उपाय आला: लिंकच्या 'डेटा टर्बो ट्रॅक'ला 'डायनॅमिक' ही किंमत द्या. मग नव्या पेजच्या उत्तरात ती लिंक नसेल तर टर्बो ती काढून टाकतो. जुनी आवृत्ती असेल तर 'रीलोड' देता येतं. ट्रॅक केलेल्या फाइली दोन पेजेसमध्ये वेगळ्या दिसल्या की टर्बो पूर्ण पेज लोड करतो. गळती थांबते, पण त्या पेजवर जाता-येता टर्बोचा सगळा वेग गेला. उलटही होतं: "आमचं टर्बो चालतच नाही, प्रत्येक वेळी पेज पूर्ण लोड होतं" अशी तक्रार असेल तर पेजनिहाय फाइलवर कुणी चुकून 'रीलोड' कॉपी करून लावलंय का ते बघा. मुख्य फाइलवर ते बरोबर असतं, तिथूनच उचललेलं असतं.

आणि काही केलं तरी फाइल वेगळी ठेवली म्हणून सिलेक्टर मोकळे सोडू नका. वेगळ्या फाइलमधलं 'टेबल टीडी' हेसुद्धा त्या पेजच्या मेनूतल्या, फूटरमधल्या तक्त्याला लागतंच.

फक्त सर्व्हरवर बिघडतं

यातलं बरंचसं लवकर सुटतं. स्प्रॉकेट्समध्ये वेगळी फाइल लावलीत पण मॅनिफेस्टमध्ये 'लिंक' करून नोंदवली नाहीत, तर ती प्रीकम्पाइल (सर्व्हरसाठी आधीच तयार) होत नाही आणि रेल्स तसं स्पष्ट सांगतो. लॅपटॉप विंडोज किंवा मॅक, सर्व्हर लिनक्स, तर फाइलच्या नावातलं कॅपिटल अक्षर सर्व्हरवर अडतं. उलट बाजू म्हणजे लॅपटॉपवर कुणी गंमत म्हणून प्रीकम्पाइल चालवलं असेल तर पब्लिकमधल्या जुन्या फाइली दिल्या जातात आणि तुम्ही कितीही बदल करा, दिसत नाहीत. तेव्हा 'ॲसेट्स क्लॉबर' चालवा.

फसवा प्रकार एकच आहे. पट्टीज फाइलच्या पहिल्या ओळीत मराठीसाठी मुक्ता फाँटचा इम्पोर्ट होता. लॅपटॉपवर फाँट दिसायचा, सर्व्हरवर नाही. इम्पोर्ट हा स्टाइलशीटमध्ये इतर नियमांच्या आधीच यावा लागतो, फार तर लेअरचा क्रम जाहीर करणारी ओळ त्याच्या आधी चालते. सगळ्या फाइली जोडल्यावर पट्टीजची पहिली ओळ मोठ्या फाइलच्या मधोमध गेली, आणि ब्राउझरने ती गपचूप सोडून दिली. स्प्रॉकेट्सच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत डेव्हलपमेंटमध्ये फाइली सुट्या जायच्या, म्हणून तिथे कळत नसे. फाँटची लिंक लेआउटच्या हेडमध्ये द्या, विषय संपला.

छपाई: इथे कुंपण चालतच नाही

पट्टीवाल्या प्रत्येक ॲप्लिकेशनमध्ये हे येतं. पट्टी एफाइव्ह कागदावर छापायची म्हणून पट्टीज फाइलमध्ये 'ॲट पेज' नियम लिहिला, आकार एफाइव्ह, मार्जिन ८ मिलिमीटर. काही दिवसांनी फोन: "खात्याचा उतारा काढला तर अर्ध्याच कागदावर येऊन राहिला." बॉडीचा क्लास बरोबर, सिलेक्टर सगळे कुंपणात, तरी हे.

कारण 'ॲट पेज' कोणत्याही सिलेक्टरच्या आत जात नाही. तो कागदाबद्दलचा नियम आहे, एलिमेंटबद्दलचा नाही. एकत्र फाइलमध्ये तो आला की सगळ्या पेजेसच्या छपाईला लागू. 'कीफ्रेम्स' आणि 'फाँट फेस' यांचंही तसंच: दोन फाइलींत 'फेड' नावाचं ॲनिमेशन असेल तर नंतरचं चालतं, पेज कोणतंही असो. त्यांच्या नावाआधी पेजचं नाव जोडलं की भागतं.

कागदाला मात्र नाव द्यावं लागतं. 'ॲट पेज'नंतर एक नाव लिहा, समजा 'पट्टी', आणि आकार-मार्जिन त्यात ठेवा. मग पट्टीच्या बाहेरच्या डिव्हला 'पेज' ही प्रॉपर्टी द्या आणि तिची किंमत तेच नाव. आता तो कागद फक्त त्या डिव्हच्या छपाईला लागतो, आणि डिव्हला क्लासचं कुंपण घालता येतं. खात्याचा उतारा एफोरवर, पट्टी एफाइव्हवर, फाइल एकच. क्रोममध्ये हे ८५व्या आवृत्तीपासून चालतं, म्हणजे विंडोज ७ वाल्यांनाही. छपाईचे बाकी नियम, हमाली-तोलाईच्या ओळी दाट करणं, मेनू लपवणं वगैरे, 'मीडिया प्रिंट'मध्येच ठेवा. आमच्या मूळ तक्रारीत तेच ११ पिक्सेलचे रकाने 'मीडिया प्रिंट'मध्ये असते तर पडद्यावर काही बिघडलंच नसतं.

जे पेजचं नाहीच

कुंपणं घालत सुटण्याआधी एकदा फाइली उघडून वाचा. पेजच्या नावाच्या फाइलीत पेजचं म्हणावं असं फार थोडं निघतं. पट्टीज फाइलमध्ये काय होतं? दाट रकाने, रकमेचा स्तंभ उजवीकडे, एकूण बेरजेवर जाड रेघ. यातलं पट्टीचं काय आहे? खात्यातही रक्कम उजवीकडेच लागते, आवकेतही बेरीज येते. म्हणजे हे पेज नाही, तक्त्याचे प्रकार आहेत. त्यांना 'दाट-तक्ता', 'रक्कम', 'बेरीज' असे क्लास द्या, कंपोनंटच्या फोल्डरमध्ये टाका आणि टेम्प्लेटमध्ये जिथे हवे तिथे लावा. मग पट्टीज फाइलमध्ये उरतं ते इतकंच: त्या पेजवर कोणता भाग कुठे बसतो आणि छपाईचा कागद.

एखाद्या पेजवर सामाईक गोष्टीत थोडाच फरक हवा असेल तर नियम पुन्हा लिहू नका, व्हेरिएबल बदला. तक्ता स्वतःचं पॅडिंग 'रकाना-जागा' नावाच्या व्हेरिएबलमधून घेतो असं लिहा, आणि पट्टीच्या डिव्हवर त्या व्हेरिएबलची किंमत २ पिक्सेल ठेवा. व्हेरिएबल खालच्या एलिमेंटकडे वारशाने जातं, डिव्हच्या बाहेर जात नाही. वजनाची मारामारीच राहत नाही. एकच पथ्य: ती किंमत 'रूट'वर लिहू नका, नाहीतर पुन्हा सगळ्या ॲप्लिकेशनला लागेल.

वेगळी फाइल मी खरोखर वेगळ्या गोष्टींनाच देतो. लॉगिनच्या आधीची जाहिरातीची पेजेस, ॲडमिनचा पूर्ण भाग, ग्राफच्या लायब्ररीचं जड सीएसएस. तिथे लेआउटच वेगळा असतो, म्हणून लेआउटमागे एक फाइल, पेजमागे नाही. ॲडमिनच्या लिंकवर टर्बो बंद ठेवला तरी कुणाचं काही अडत नाही.

जुना प्रोजेक्ट हातात आला असेल तर एका दिवसात सगळं करायला जाऊ नका. 'रिक्वायर ट्री' काढून फाइली नावानिशी, आज ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने, लिहून काढा. रूप बदलत नाही, पण क्रम निदान डोळ्यांसमोर येतो आणि नाव बदलल्याने काही हलत नाही. (सास वापरत असाल तर ही यादी स्प्रॉकेट्सच्या सूचनांऐवजी सासच्या इम्पोर्टने करा, नाहीतर व्हेरिएबल आणि मिक्सिन एका फाइलमधून दुसरीत पोहोचत नाहीत.) मग यादीतल्या शेवटच्या फाइलपासून सुरू करा, कारण सगळ्यांवर कुरघोडी तीच करते. तिच्यातले नुसत्या टॅगवर लिहिलेले सिलेक्टर शोधा, 'टेबल', 'एच टू', 'इनपुट', आणि आधी तेवढेच क्लासच्या आत घ्या. बाहेर पडणाऱ्या नियमांतले बहुतेक तिथेच असतात.

तेवढं झाल्यावर एक तोटा दिसेल, तो आधी सांगून ठेवतो. काही पेजेस दुसऱ्याच्या सांडलेल्या नियमांवर चालू असतात. पट्टीचं कुंपण बंद केलं आणि आवकेच्या पेजवरची बेरजेची रेघ गेली, कारण आवकेत ती कधी लिहिलेलीच नव्हती. म्हणून प्रत्येक फाइलनंतर चारही पेजेस उघडून बघा. फॉर्म मुद्दाम चुकवून बघा, एका पेजवरून दुसऱ्यावर क्लिक करत जा, रिफ्रेश न करता. आणि पट्टी व उतारा दोन्हींचा प्रिंट प्रिव्ह्यू काढा. कव्हरेज टॅबमध्ये लाल दिसणाऱ्या ओळी लगेच उडवू नका. तो टॅब फक्त या भेटीत काय वापरलं गेलं ते सांगतो, छपाईचे आणि फॉर्मच्या चुकांचे नियम त्यात नेहमीच न वापरलेले दिसतात.